इंजिनाची एक जादा फेरी

या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचते, आणि खरं सांगायचं तर चहा पिता पिता हसते. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, गावाबाहेरचं झाड... आणि शेवटी विश्वास ठेवायचा की नाही ते तुमच्यावर. मी ठेवत नाही. वीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवतेय. अमावस्येला नखं कापते, मांजर आडवं गेलं तर त्याला दूध घालते. तरी आज लिहायला बसलेय, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर जे झालं त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि ज्यांच्याकडे ते तयार असतं त्यांचं मला पटत नाही. 'ताई, शांत करून घ्या' असं लिहून पाठवणार असाल तर तसदी घेऊ नका. ते मला घरातच भरपूर ऐकायला मिळालंय.

आम्ही कोलकात्याचे. बदलीवर आलेले नव्हे, इथेच जन्मलेले. बागबाजारातल्या एका गल्लीत आमचं दुमजली भाड्याचं घर आहे. मराठ्यांच्या भीतीने खणलेला तो जुना खंदक इथूनच सुरू होत होता म्हणे, त्यामुळे शेजारपाजारचे आम्हाला तीन पिढ्या 'बोर्गी', म्हणजे लुटारू मराठे, म्हणतात. प्रेमाने म्हणतात, पण म्हणतात. वरच्या मजल्यावर आई आणि मी. खाली जिन्याशेजारी जाळीचं दार असलेली एक खोली, आणि त्या खोलीत बाबांची बुलेट.

ही बुलेट माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. बाबा बजबजच्या एका ज्यूट मिलमध्ये इंजिनिअर होते, आणि रोज हिच्यावरून जायचे-यायचे. दर रविवारी ते गाडी उघडायचे. शेखरदादाला शेजारी बसवून एकेक भाग समजावायचे, आणि दादा जांभया द्यायचा. माझ्या हातात फडकं असायचं. स्पॅनर मागितला की म्हणायचे, "तू आपली पुसून काढ, छान पुसतेस." मी छानच पुसायचे. इंजिन आतून कसं दिसतं ते मला चाळिशी उलटल्यावर, बाबा गेल्यानंतर कळलं. हा राग माझ्या मनात आहे आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

बाबा गेले आणि गाडी तशीच पडून राहिली. मग एकदा पुण्याहून दादाचा फोन आला. त्याच्या ओळखीच्या एकाने रेस्टॉरंट काढलं होतं. त्याला दारात ठेवायला जुनी बुलेट हवी होती. इंजिनातलं ऑइल काढून, गाडी चौथऱ्यावर बोल्ट मारून पक्की करणार, वर पिवळा दिवा सोडणार, आणि लोक तिच्यावर बसून फोटो काढणार.

"निदान लोक बघतील तरी," दादा म्हणाला. "तिथे गंजत पडलीय नुसती."

"मी चालू करते," मी म्हटलं.

तो हसला. त्या हसण्याने माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शेवटी असं ठरलं, की दसऱ्याला तो येईल. तोपर्यंत गाडी रस्त्यावर धावली तर ती माझी, नाहीतर ट्रकवर चढून पुण्याला.

उन्हाळ्याच्या सुट्टीपासून मी कामाला लागले. कोपऱ्यावरच्या गॅरेजचे निमाईदा मला शिकवायचे. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे आणि हात थरथरतात, त्यामुळे ते स्टुलावर बसून मातीच्या भांड्यातला चहा पीत फक्त बोलायचे. पेट्रोलची टाकी आतून साफ केली, कार्बोरेटर उघडून धुतला, क्लच प्लेटा बदलल्या, वायरिंग नवं केलं. ऑगस्ट संपत येईपर्यंत सगळं जागच्या जागी होतं. फक्त गाडी चालू होत नव्हती. किक मारली की कार्बोरेटरमधून फट् करून शिंकायची आणि गप्प. तीन आठवडे हेच. नडगीवर किकचे निळे डाग पडले. निमाईदांनीही हात टेकले.

मग विश्वकर्मा पूजा आली. इथे त्या दिवशी रिक्षापासून छापखान्यापर्यंत सगळ्या यंत्रांना सुट्टी असते. हत्यारं धुऊन देवापुढे मांडतात, कुणी पान्याला हात लावत नाही, आणि सगळी मंडळी गच्चीवर पतंग उडवतात. सकाळी निमाईदा प्रसाद द्यायला आले तर मी हात काळे करून बसलेली.

"आज जोंत्रे हात देबेन ना, बोर्गी दिदी!" ते कळवळून म्हणाले. आज यंत्राला हात लावू नका.

"आमची हत्यारांची पूजा दसऱ्याला असते, निमाईदा. आज आम्हाला लागू नाही." घरी बाबाही दरवर्षी हेच म्हणायचे. पण ते त्या दिवशी गाडीवरून फक्त मिलमधल्या पूजेला जायचे, गाडी उघडायचे नाहीत. मी इंजिनच उघडलं होतं.

ते प्रसाद ठेवून गेले. मला कॉलेजला सुट्टी होती आणि दसरा जवळ येत होता. माझ्यासाठी एवढं पुरेसं होतं.

आता थोडं यंत्राचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्पार्क कधी पडायचा हे ठरवायला पिस्टन वरच्या टोकाला आणावा लागतो. त्यासाठी प्लग काढून त्या भोकातून सायकलचा स्पोक आत सोडायचा. पिस्टन वर आला की स्पोकही वर येतो. मी स्पोकवर नेलपॉलिशची खूण केली होती. ती भोकाच्या काठाशी आली की पिस्टन टोकाला. पण मेख अशी, की पिस्टन दोनदा वर येतो. एकदा स्पार्क हवा असतो तेव्हा, आणि पुढच्या फेरीत नुसता धूर बाहेर टाकायला. स्पोक दोन्ही वेळा तेच दाखवतो. फरक कळतो तो बाजूच्या छोट्या झाकणामागच्या दोन रॉडवरून. बोटांनी फिरवून दोन्ही सैल लागले तर फेरी बरोबर, घट्ट लागले तर चुकीची. मला हे माहीत नव्हतं. निमाईदांनी सांगितलं नव्हतं, कारण इतकं प्राथमिक मला ठाऊक असेलच असं त्यांनी धरलं होतं. ज्याला बापाने शिकवलं त्याला ते दहाव्या वर्षीच ठाऊक असतं.

तर त्या दिवशी खूण काठाशी आणली आणि सहज झाकण उघडून रॉड चाचपले. दोन्ही घट्ट. मला वाटलं, ॲडजस्टमेंट बिघडलीय. वरून बारीक पाना आणायला गेले, पाच मिनिटांत परत आले. खूण जिथल्या तिथे. रॉड सैल, बोटाच्या टोकाने गरगर फिरत होते.

म्हटलं, मीच मघाशी चुकले असेन. किक हाताने दाबून इंजिन एक फेरी फिरवलं. खूण पुन्हा काठाशी, रॉड घट्ट. हात धुवायला गेले. परत आले तर सैल.

इथे मी घाबरले असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी चिडले. प्रयोगशाळेत एखादं रीडिंग चुकीचं आलं की चिडते तशी. इंजिन पुन्हा घट्टवर आणलं. गाडी टॉप गिअरमध्ये टाकली, म्हणजे मागचं चाक फिरल्याशिवाय इंजिन फिरूच शकत नाही. चाक सुतळीने स्टँडला करकचून बांधलं. टायरवर आणि मडगार्डवर मिळून एक खडूची रेघ ओढली. इंजिनाची एक फेरी म्हणजे ती रेघ हातभर सरकायला हवी. मोबाइल टेकवून व्हिडिओ सुरू केला. दारापाशी आईला खुर्ची टाकून दिली.

"काय बघायचं?" आईने विचारलं.

"कुणी आत येतं का ते."

"आणि आलं तर?"

"तर मला हाक मार."

आई गवारीच्या शेंगा मोडत बसली. मी गच्चीवर जाऊन पंचवीस मिनिटं पतंग बघितले. पतंग कापला की 'भो-काट्टा' ओरडून सगळ्या गच्च्यांनी आभाळ डोक्यावर घेतलं होतं. खाली आले. सुतळीच्या गाठी तशाच, खडूची रेघ तशीच, नेलपॉलिशची खूण काठाला चिकटलेली. रॉडना हात लावला... सैल.

व्हिडिओ माझ्याकडे आहे. पंचवीस मिनिटं त्यात काहीही हलत नाही, स्पोकसुद्धा नाही. कुणाला हवा तर पाठवीन, पण कंटाळा येईल.

"आई, कुणी आलं होतं?"

"कुणी नाही गं." मग शेंगांकडे बघत म्हणाली, "मी फक्त म्हटलं... अहो, पोरगी चुकतेय, सांगा तिला."

"मी चुकतेय हे तुला कसं कळलं?"

"तीन आठवडे तुझं तोंड बघतेय की."

तेव्हा मी आईवर ओरडले. त्याची मला लाज वाटते. पण ओरडले ते आईवर नव्हतंच. जिवंतपणी पस्तीस वर्षं स्पॅनर दिला नाही, आणि आता न विचारता माझ्या इंजिनात हात? मी मोठ्याने म्हटलं, "मला कुणाची मदत नको! माझं मी बघेन!" आणि सुतळी सोडून, गिअर काढून, जिद्दीने इंजिन पुन्हा घट्टवर आणून ठेवलं.

ठेवता ठेवताच डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घट्ट आणि सैल, एकच खूण, म्हणजे दोन वेगवेगळ्या फेऱ्या. तीन आठवडे मी स्पार्क चुकीच्या फेरीला लावत होते. इंजिन स्वतःच्या हाताने फिरवून सैलवर आणलं. हे महत्त्वाचं आहे, शेवटची फेरी मी फिरवली. टायमिंग नव्याने लावलं, प्लग बसवला. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. जिन्याच्या काचा थरथरल्या. आई दारात उभी राहून तोंडाला पदर लावून रडत होती, मी हसत होते, आणि गल्लीतली निम्मी माणसं पतंग सोडून खाली आली होती.

निमाईदांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या मते हे खुद्द विश्वकर्म्याचं काम. त्याच्या दिवशी हत्यार उचललं म्हणून त्याने चूक दाखवली, आणि माफ केलं हे माझं नशीब. दसऱ्याला दादा आला. मी त्याला मागे बसवून, देवीच्या विसर्जनाच्या गर्दीतून वाट काढत, गंगेच्या घाटापर्यंत नेऊन आणलं. मग आईने त्याला तो किस्सा सांगितला आणि गड्याने नवा सूर लावला.

"म्हणजे बाबांचा जीव अडकलाय गाडीत. ती घरातून जायलाच हवी. शांत करू, आणि मग..."

"बाबांना कुठे अडकायचं असेल तर तो त्यांचा प्रश्न आहे," मी म्हटलं. "गाडी माझी आहे. दसऱ्यापर्यंत चालली तर माझी, हे ठरलं होतं."

ट्रक आला नाही. शांत केली नाही, करणारही नाही. मी रोज त्याच गाडीवरून कॉलेजला जाते आणि तिचं सगळं काम स्वतः करते.

तुम्ही विचाराल, मग स्पष्टीकरण आहे का? नाही. माझ्या दोन सहकाऱ्यांनी व्हिडिओ पाहिला, गाडी तपासली. एक म्हणाला, घाईत तुझ्या बोटांना भास झाला. तीनदा? मी मान्य करत नाही. दुसऱ्याने खांदे उडवले, आणि ते उत्तर मला जास्त प्रामाणिक वाटलं. एकच गोष्ट अजून कुणाला सांगितलेली नाही, ती इथे सांगते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी प्लग काढते, स्पोक घालते, इंजिन मुद्दाम चुकीच्या फेरीला आणून ठेवते, चाक बांधते आणि अर्धा तास वर जाऊन बसते. कुणी विचारलं तर म्हणते, प्रयोग आहे, पुन्हा पुन्हा करून बघायलाच हवा. मग खाली येऊन रॉडना हात लावते.

या रविवारीही लावला. दोन्ही घट्टच होते.