खोडातलं खाऊन फुटलेलं गवत

समुद्रापासून इतक्या लांब, द्राक्षबागेत वाढलेल्या मुलीने समुद्री गवताचा अभ्यास का निवडला, असे मला नेहमी विचारले जाते. या विषयात काम करणारे थोडे होते आणि मला लवकर पुढे जायचे होते, एवढेच त्याचे खरे उत्तर आहे.

पीएच.डी.ची पहिली तीन वर्षे मी एका प्रवाळ बेटाभोवतीच्या उथळ पाण्यात काढली. तिथे गवताची कुरणे आहेत आणि त्यांवर मोठाली हिरवी समुद्री कासवे चरतात. गाईसारखी, मान खाली घालून, तासन्‌तास. कुरणाच्या काही चौकोनांवर मी जाळीचे पिंजरे बसवले, म्हणजे कासव आत शिरणार नाही, आणि शेजारचे चौकोन मोकळे सोडले. दर महिन्याला दोन्हीकडची पाने मोजली. मोकळ्या चौकोनांत पाने आखूड होती, पण नवी पाने तिथेच अधिक वेगाने येत होती. त्यावरून प्रबंधाच्या मुख्य प्रकरणाचे निर्णायक वाक्य तयार झाले: कुरणाला ही चराई पेलते आहे. ज्याच्या होडीतून मी रोज जात असे तो म्हातारा मच्छीमार सांगे, की गवतात लपणारी माशांची पिल्ले आता दिसत नाहीत. मी ते वहीत ‘स्थानिक समज’ या मथळ्याखाली नोंदवले आणि पान उलटले.

परदेशातल्या एका प्रयोगशाळेत जागा निघाली होती. अर्जाला हे प्रकरण जोडायचे होते आणि हातात पंधरा दिवस होते. शांतपणे लिहिता यावे म्हणून मी नाशिकला घरी आले. ऑक्टोबर छाटणी उरकून बाग फुटत होती. एका दुपारी वडील फवारणी संपवून जेवायला बसले आणि माझ्या लॅपटॉपवरच्या मोकळ्या चौकोनाच्या छायाचित्राकडे पाहू लागले.

“ही छाटणी कोणी केली?”

“कासवांनी.”

“एका उंचीत कापलंय. चांगले मजूर हायत. दोन-चार आपल्याकडं पाठव.”

“पप्पा, त्यांना इथं पोचायला वर्ष लागेल.”

“तरी आपल्या टोळीच्या आधी येतील.” मग भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारले, “वर्षातनं किती वेळा कापतात?”

“रोज. कोवळं येईल तिथं पुन्हा.”

त्यांचा हात थांबला. “रोज? आणि खोड मोजलं का?”

“पानं मोजली. नवी पानं लवकर येतात, म्हणजे गवत ठीक आहे.”

“ताई, गारपिटीच्या सालचा खालचा प्लॉट आठवतो का?”

आठवत होता. गारांनी झोडपलेल्या त्या वेली त्यांनी घाईने पुन्हा छाटल्या होत्या, आणि फूट पावसात सापडली म्हणून आणखी एकदा. प्लॉट असा हिरवागार झाला, की शेजारचे बागायतदार बघायला आले. पुढच्या हंगामात घड जिरले. जिथे घोस धरायचे तिथे नुसत्या बाळ्या, म्हणजे वेलीचे तणावे, वळवळत होत्या. दोन वर्षांनी तो प्लॉट उपटावा लागला.

“ते हिरवं खोडातलं खाऊन फुटलं होतं,” ते म्हणाले. “पान लय खोटं बोलतं.”

मी वनस्पतिशास्त्र शिकले आहे. समुद्री गवताचे खोड वाळूखाली आडवे वाढते आणि साठवलेले अन्न त्यातच असते, हे मला त्यांनी सांगायला नको होते. प्रत्येक चौकोनातून दर महिन्याला काढलेल्या खोडांची वाळवलेली पाकिटे आमच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पडून होती. ती मी तपासली नव्हती, कारण पानांनी मला हवे ते वाक्य दिले होते.

प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला फोन केला. तिने तीन दिवस खपून साऱ्या पाकिटांचे वजन करून आकडे पाठवले. पिंजऱ्यातली खोडे भरलेली होती. मोकळ्या चौकोनांतली महिन्यागणिक हलकी होत गेली होती.

यात कासवांचा गुन्हा नाही. चरून पुढे सरकणारे कासव जुनी पाने काढून कुरण ताजे ठेवते. पण त्यांना हुसकावणारे शार्क कमी झाले असतील, आसपासची कुरणे संपली असतील, तर ती जातील कुठे? आपण वाचवलेला प्राणी उरलेल्या एकाच ताटावर बसून राहतो. हे लिहिणे मला जड गेले. कासवे वाढली ही आमच्या क्षेत्रातली दुर्मीळ आनंदाची बातमी होती.

आकडे आले त्याच संध्याकाळी मी मार्गदर्शक बाईंना फोन केला.

“अर्जाची मुदत माहीत आहे ना तुला?”

“हो, मॅडम.”

“खोडांचं एक परिशिष्ट जोडून भागेल का?”

“नाही. वाक्यच उलटं होतंय.”

त्यांनी मला दोन्हीकडचे आकडे वाचून दाखवायला लावले. मग म्हणाल्या, “प्रकरण मागे घे. पण का घेतलंस, ते प्रबंधात स्पष्ट लिही.”

त्या वर्षी मी अर्ज केला नाही. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली आणि त्याचे दुःख मला झाले नाही, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. खोडांच्या नव्या नमुन्यांसाठी मी बेटावर परत गेले. मोकळ्या चौकोनांपैकी दोहोंच्या चारही कोपऱ्यांतल्या खुंट्या जागेवर होत्या. त्यांच्यामध्ये स्वच्छ, पांढरी वाळू होती. मी पाण्याखाली लिहायच्या पाटीवर तारीख लिहिली, आणि पानांच्या रकान्यात शून्य.