अळ्यांना भिणाऱ्या सिस्टर

चौसाळ्यात आमच्या आळीत कुणाच्याही परसात अनोळखी अळी सापडली की ती सिस्टरांकडे नेली जायची, आणि सिस्टर अळ्यांना भयंकर घाबरायच्या. नुसतं अंगावर काटा येण्यापुरतं नाही. कुणी पानासकट अळी समोर धरली की त्यांच्या वरच्या ओठावर घाम यायचा. चष्मा काढून पुसायच्या, पुन्हा लावायच्या, मग दोन्ही हात पाठीमागे बांधून वाकायच्या. "सरकव जवळ," म्हणायच्या, "पण अंगाला लावू नको बरं का."

उपकेंद्रावरची नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी खेड्यांत गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या शेजारी घर बांधलं. नवरा आधीच वारलेला, मुलगा लातूरला. अडलेली बाळंतपणं, साप चावलेली माणसं, विहिरीतून काढलेली प्रेतं, सगळं पाहिलेली बाई. मी एकदा विचारलंच, "मग अळीलाच का एवढं भिता?"

"सिरसाळ्याला ल्हान असताना झंपरात गेलती एक. केसाळ," त्या म्हणाल्या. "आईला सापडंस्तवर पाठीवरून फिरत होती. अजून फिरतीय."

अळी ओळखायची त्यांची एक रीत होती. अळीकडे बघायच्या आधी त्या विचारायच्या, "झाड कोणतं?" लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते ती वेगळी, रुईवरची पट्ट्यापट्ट्यांची वेगळी, शेवग्याच्या खोडावर झुबक्याने बसतात त्या वेगळ्या. झाड कळल्याशिवाय त्या तोंड उघडत नसत. आणि तरीही नाव ठाऊक नसलं तर सरळ सांगायच्या, "म्हाईत न्हाई. निघंल तवा बघू." मग ती अळी प्लास्टिकच्या बरणीत, त्याच झाडाच्या पाल्यासकट, तोंडाला जुन्या पातळाचं फडकं बांधून ओसरीतल्या फळीवर जायची. पाला बदलताना त्या भाजी उलटायचा लांब चिमटा वापरायच्या आणि तोंड दुसरीकडे फिरवायच्या.

"भीती वाटते तर कशाला करता हे?" असं सगळेच विचारायचे.

"न बघता लई मोठी होती ती," त्या म्हणायच्या.

आमच्या तगरीवर एकदा बोटाएवढी जाड हिरवी अळी निघाली. तिला निळे डोळे होते आणि ती माझ्याकडे रोखून बघत होती. माझी किंकाळी ऐकून सिस्टर कुंपणापाशी आल्या. त्याही पांढऱ्याफटक पडल्या, पण वाकल्या. "डोळे न्हाईत ते, सुनीते. सोंग हाय. ती आपल्याला भ्यालीय." पुढे त्या अळीच्या कोषातून हिरव्या मखमलीसारखा पतंग निघाला. तो उडून जाईपर्यंत सिस्टर दाराआड उभ्या होत्या, एक डोळा फटीला लावून.

माझ्या सासूबाईंना हे मुळीच आवडत नसे. "लोक कुत्री पाळतात, ही बाई अळ्या पाळती," त्या म्हणायच्या.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास सगळ्यांच्या मोबाइलवर एक चित्रफीत फिरू लागली. हिरवी, काटेरी अळी, आणि खाली लिहिलेलं, ही चावली की माणूस जागच्या जागी मरतो. घोणस अळी, असं तिचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. बाया निंदायला जाईनात. पोरांना कुणी झाडाखाली जाऊ देईना. मी सिस्टरांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मरत न्हाई माणूस. पण आग लई होती, आन् एखाद्याला सोसत न्हाई."

ती एखादी माझी लेक ओवी निघाली.

ओवी तेव्हा पहिलीत होती. अंगणातल्या डाळिंबाचं फूल तोडताना ती किंचाळली ती थांबेचना. दंडावर लाल चट्टे उठले आणि बघता बघता हात सुजला. सासूबाई चुना घेऊन धावल्या. कुंपणावरून सिस्टर ओरडल्या, "चोळू नका! काटे आत जातील!" त्या आत आल्या आणि ओवीच्या दप्तरातली चिकटपट्टी घेऊन तिच्या दंडावर लावत, उचलत राहिल्या. दिसतही नाहीत असे काटे त्यांनी तसे ओढून काढले. मग त्यांनी ओवीच्या छातीला कान लावला. ओवीचे ओठ सुजले होते आणि श्वासाला बारीक शिट्टी लागली होती.

"गाडी काढा," त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. "आत्ता."

निघता निघता त्या डाळिंबाकडे वळल्या. पानाच्या पाठीवर ती बसली होती, हिरवी, काटेरी. सिस्टरांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या चिमट्याने पान तोडलं आणि रिकाम्या बाटलीत टाकलं. "डॉक्टरला दाखवू. म्हंजी साप चावला का इंचू, असं शोधत बसणार न्हाईत." बीडपर्यंत ती बाटली त्यांनी एका हाताने मांडीवर धरली होती. तोंड खिडकीकडे फिरवलेलं होतं. दुसरा हात ओवीच्या पाठीवर होता. मी ओवीचा श्वास मोजत होते आणि दर वेळी वाटत होतं, पुढचा येणार नाही.

आला. डॉक्टरांनी बाटली पाहिली, इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. संध्याकाळपर्यंत ओठांची सूज उतरली आणि ओवीने बिस्कीट मागितलं. तेव्हा कुठे सिस्टर बाकावर बसल्या आणि त्यांना उलटी झाली.

घरी आलो तर त्यांच्या फाटकापाशी गर्दी होती. पुढे गिरणीवाले आबा, पाठीवर फवारणीचा पंप. "सिस्टर, राग मानू नका," आबा म्हणाले. "तुमच्या बरण्यातनंच ही पीडा गावात आली म्हंत्यात लोक. आमचीबी लेकरं हायत."

"आबा, ती आमच्या डाळिंबावर होती," मी म्हणाले. "त्यांच्या बरणीत नव्हती."

कुणी ऐकलं नाही.  दोन नातू त्यांच्या मागे उभे होते. त्या माणसाला वाईट म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही. बरण्या रस्त्यावर ओतल्या गेल्या. त्यांत बहुतेक कोषच होते. चपलांखाली ते चिरडले गेले. मग फवारा सुरू झाला, तगरीवर, लिंबावर, रुईवर. सासूबाई आमच्या ओट्यावर पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. ओवीला चावलेली अळी शेजारच्या बरणीतली, हे गावाला त्यांनीच सांगितलं होतं.

सिस्टर फाटकाला धरून होत्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "ओवीला आत घ्या. औषधाचा वास तिला सोसायचा न्हाई."

दिवाळी झाल्यावर मुलगा त्यांना लातूरला घेऊन गेला. सासूबाईंनी वाटेसाठी धपाटे बांधून दिले, पण समोर जायचं धाडस त्यांना झालं नाही. डबा माझ्याच हाती पाठवला.

ओवीचा हात बरा झाला. भीती मात्र घरात शिरली. ओवी अंगणात पाय टाकेना. पडद्याचा सुटलेला धागा पाहून रडायची, अंगात कपडे घालायच्या आधी दहादा झटकायला लावायची. रागावून, समजावून मी थकले आणि सिस्टरांना फोन केला. त्या एकट्याच बसने आल्या. ओवीला "घाबरू नको" असं त्या म्हणाल्या नाहीत. "मलाबी लई भ्या वाटतं," त्यांनी तिला सांगितलं. "तू माझा हात धर, मी तुझा धरते. लांबनंच बघू."

दोघी दारात बराच वेळ उभ्या राहिल्या. मग एक पायरी उतरल्या. डाळिंबापासून चांगल्या अंतरावर थांबून त्यांनी पानं पाहिली. झाडावर काहीच नव्हतं. तरी परत आल्या तेव्हा दोघींचे तळवे घामाने भिजले होते. सासूबाईंनी चहा आणला आणि सिस्टरांच्या पायाशी बसून राहिल्या. 

पुढच्या थंडीत सिस्टर लातूरला वारल्या. फोन आला तेव्हा ओवी जेवायला बसली होती. तिने ताट सरकवलं.

"सिस्टरआजीला भीती वाटली असंल का, मरताना?"

"वाटली असेल," मी म्हणाले. तिच्याशी खोटं बोलवेना.

"मग हात कुणी धरला?"

 मी त्यांच्या मुलाला परत फोन लावला आणि अशा वेळी विचारू नये ते विचारलं.  तो म्हणाला, सकाळपर्यंत त्याची बायको उशाशी होती, हात धरून. मी ते ओवीला सांगितलं. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग ताट जवळ ओढलं.