रस काढायचा राहिला

माझ्या मामाला हळू बोलता येत नाही. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीपाशी उभं आयुष्य गेलं, बर्नरच्या घरघरीने कान गेले, आणि स्वतःचे कान गेले की माणसाला सगळं जगच बहिरं वाटायला लागतं. घरातली गुपितं त्याच्या तोंडून गल्लीच्या टोकापर्यंत जायची. मामी म्हणायची, "ह्यांना काही सांगायचं म्हणजे पेपरात जाहिरात दिल्यासारखं आहे." आई गेल्यावर मी ह्या दोघांकडेच वाढले, त्यामुळे माझाही आवाज चढाच राहिला. मी बँकेत काउंटरवर बसते. तिथे साहेब अजून टोकतात.

मामा भट्टीचा मुख्य कारागीर. भुवया कायम जळालेल्या, चेहऱ्याची भट्टीकडची बाजू दुसरीपेक्षा काळी. कुणाच्याही घरी गेला की आधी औषधाची बाटली उलटी करून तिचं बूड बघायचा. बुडावर आपल्या कारखान्याचा शिक्का असेल तर यजमान भला माणूस. नसेल तर चहा अर्धा ठेवून उठायचा, आणि मामीला कुठे तोंड लपवू असं व्हायचं.

काचेची भट्टी म्हणजे चूल नव्हे, हवी तेव्हा पेटवली आणि नको तेव्हा विझवली असं तिचं नसतं. एकदा पेटली की वर्षानुवर्षं पेटती ठेवायची. सुट्टी असो, संप असो, तेल चालू. आत वाळू वितळून तिचा दाट रस झालेला असतो. तेल संपायची चिन्हं दिसली तर उपाय एकच: भट्टी पुरती गरम आहे तोवर खालचं तोंड फोडायचं, सगळा रस बाहेर सोडायचा आणि विटा हळूहळू गार होऊ द्यायच्या. अशी रिकामी केलेली भट्टी पुन्हा पेटते. पण रस आतच थिजला तर विटा तडकतात, आणि भट्टी कायमची मेली म्हणून समजा. रस काढायलाही तेल लागतं, कारण शेवटच्या थेंबापर्यंत तो पातळ ठेवावा लागतो. मामाने हे मला लहानपणी इतक्या वेळा ओरडून सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

त्या वर्षी निवडणूक तोंडावर आली होती. सरकारने आपल्या चलनाचा भाव हट्टाने चढा धरून ठेवला होता. भाव चढा म्हणजे बाहेरचा माल स्वस्त. बूट स्वस्त, फोन स्वस्त, मतदार खूश. हा भाव टिकवायला सरकार साठवलेली परकीय चलनाची गंगाजळी विकत होतं, हे आमच्या बँकेतल्या शिपायालाही माहीत होतं. व्याजाचे दरही त्याचसाठी वाढवले होते. पण त्या स्वस्ताईत बाहेरच्या बाटल्याही आल्या. इथे नुसत्या वाळूला आणि तेलाला जेवढा खर्च यायचा, तेवढ्यात समुद्रापलीकडून तयार बाटली दारात. औषध कंपनीने आमच्या कारखान्याची ऑर्डर तोडली.

मालकाने कारखाना गहाण टाकून शहराबाहेर हॉटेल बांधायला काढलं होतं. व्याज वाढलं तसे त्याने हात वर केले आणि प्रकृतीचं कारण सांगून परदेशी गेला. प्रकृती कसली, खाऊन खाऊन लाल झाला होता मेला. कामगार मात्र रोज कामावर जात होते. पगार नाही, माल कुणी घेत नाही, पण भट्टी पेटती आहे म्हटल्यावर तिला सोडून घरी बसणार कसं? टाकीत उरलेल्या तेलावर ती जेमतेम जिवंत ठेवली होती.

जेवताना मी मामाला सांगितलं, "मामा, हा भाव निवडणुकीपुरता आहे. मतं पडली की सोडून देतील. मग तेल दुप्पट महाग होईल."

"तुझ्या काउंटरवरून तुला भट्टी दिसते होय गं?"

"भट्टी नाही, भाव दिसतो. आणि ऐक तरी पुरतं. भाव पडला की बाहेरच्या बाटल्याही महागतील. तेव्हा सगळे तुझ्याच दारात येतील. तोवर भट्टी शाबूत पाहिजे. आहे त्या तेलात रस काढून घे."

मामा ताटातल्या घासाशी खेळत बसला. मामी म्हणाली, "अहो, पोरगी बरोबर बोलतेय." मामालाही ते कळत होतं. पण भट्टी आपल्याच हाताने रिकामी करायची म्हणजे काय, ते त्यालाच कळत होतं. शेवटी ताट सरकवून म्हणाला, "सोमवारी काढू." सगळ्या गल्लीने ऐकलं.

सोमवारी दुपारी रस पडायचा खड्डा तयार होता. पाणी तयार, माणसं तयार, मामाच्या हातात तोंड फोडायची लोखंडी पहार. तेवढ्यात फाटकातून गाड्या आत आल्या. उद्योगमंत्री. देशातले उद्योग जोरात चालू आहेत हे छापून आणायला त्यांना एक पेटती भट्टी हवी होती, आणि जवळपास हीच एक उरली होती.

फोटो झाले. फोटोवाला उकाड्याने बाहेर पळाला. मंत्री मात्र थांबले. त्यांनी मामाकडून निळी काच मागून घेतली, डोळ्यांसमोर धरली आणि झरोक्यातून आत बघत राहिले. "कधीपासून पेटती आहे?" त्यांनी विचारलं. मामाने सांगितलं. "एवढ्या वर्षांत एकदाही विझली नाही?" मामाने नाही म्हणून मान हलवली. मालकाने जन्मात कधी त्या झरोक्याला डोळा लावला नव्हता. मंत्र्यांनी पहारीकडे बघितलं, काय चाललंय ते विचारलं आणि मामाच्या खांद्यावर हात ठेवला. "विझवू नका. तेलाचा टँकर मी आठवड्यात पाठवतो. माझा शब्द आहे."

मामाने पहार खाली ठेवली.

घरी येऊन मंत्र्यांचा शब्द सांगताना तो वेगळाच दिसत होता. मी डोक्याला हात लावला. "फोटोसाठी आला होता तो, मामा."

"फोटोवाला बाहेर गेला होता पोरी. त्यानंतर त्याने आत बघितलं. काच मागून घेऊन बघितलं." मामी काही बोलायला गेली तसा म्हणाला, "ज्याने एकदा आतलं बघितलंय, तो विझू देणार नाही." आतलं बघून आयुष्यभर तिच्यापाशी उभा राहिलेला माणूस तो. दुसरा कुणी ते बघून, हात धुऊन, जेवायला जाऊ शकतो हे त्याच्या डोक्यात शिरण्यासारखंच नव्हतं. मला मामाचा राग आला होता. अजूनही येतो, आणि आला की रडू येतं.

फोटो पेपरात आला. मंत्र्यांच्या कडेला मामाची एक बाही दिसत होती. मामीने तो कापून ठेवला.

निवडणूक झाली, तेच सरकार पुन्हा आलं, आणि चलनाचा भाव त्यांनी सोडून दिला. तो धाडकन खाली आला. आमच्या काउंटरपुढे माणसांची रांग रस्त्यापर्यंत गेली. म्हातारे लोक काचेवर हात आपटून विचारत होते, आमच्या पैशाचं झालं काय? मला वरून आलेलं छापील उत्तर होतं, तेच वाचून दाखवत होते.

टँकर आला नाही. तेल कंपनी नव्या भावाने रोख मागत होती. मामा धुतलेला शर्ट घालून मंत्र्यांच्या कचेरीत गेला, तर तिथे नवीच पाटी. त्यांना आता मासेमारी खातं मिळालं होतं. मामा विचारत विचारत त्या कचेरीतही गेला. तिथला माणूस म्हणाला, "काका, इथे माशांचं काम चालतं. आणि ओरडू नका."

टाकीतलं तेल संपलं तेव्हा कारखान्यात लोकांनी लाकडी खोकी जाळली, दारं जाळली, कँटीनची बाकं जाळली. अशाने भट्टी राहत नसते, हे त्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शेवटी मामाने पहार उचलली आणि खालचं तोंड फोडलं. रस आला तो मळलेल्या कणकेसारखा, हातभर बाहेर सरकला आणि तिथेच लोंबत थांबला. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा मामा भट्टीच्या विटांवर हात ठेवून उभा होता. आतून तडतड आवाज येत होते. मला ऐकू येत होते, त्याला येत नव्हते. त्याला ते तळहाताला कळत होते, आणि प्रत्येक वेळी त्याचे डोळे मिटत होते.

पुढे कर्ज देणाऱ्या बँकेने कारखाना भंगारात काढला. ठेकेदाराला आतली काच फोडायला माणसं हवी होती, आणि ती कुठे जाड आहे, कुठे पोकळ, हे मामाइतकं कुणाला माहीत? त्याने मामाला रोजावर ठेवलं. मी म्हटलं, नको जाऊस, माझ्या पगारात भागेल. तो म्हणाला, "परक्या माणसाचे हात लागण्यापेक्षा माझे लागू देत."

त्याच सुमारास मामीला खोकला धरला. औषधाच्या दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, "औषध बनतंय हो, ते भरायला बाटल्या नाहीत. बाहेरच्या परवडत नाहीत आता, आणि इथे बनवतंय कोण?" घरी येऊन मामाला हे सांगितलं नाही.

पण ते त्याच्यापर्यंत आलंच. बँकेला सुट्टी होती, मी दुपारचा डबा घेऊन गेले होते. मामा हिरवट काचेच्या ढिगावर बसला होता, हातात घण, पापण्यांवर काचेची पूड. फाटकातून एक गाडी आली. औषध कंपनीचा खरेदी अधिकारी होता, ऑर्डर तोडली होती तोच. घाईघाईने म्हणाला, "भट्टी कधी पेटवताय? वर्षभराचा माल घेतो. पैसे आगाऊ देतो, आजच देतो." भंगाराचा ढीग त्याच्या समोर होता, पण त्याला तो काय आहे ते कळत नव्हतं.

मामाला ऐकू गेलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या कानाशी ओरडले, "मामा, बाटल्या मागतायत."

त्याने घण खाली ठेवला. भट्टीच्या उघड्या पोटाकडे बघितलं. मग काहीतरी बोलला, आणि ते मला कळलं नाही. त्याच्याजवळ इतकी वर्षं काढली, पण त्याचं बोलणं ऐकायला मला पहिल्यांदाच वाकावं लागलं. "काय म्हणालास?"

"रस काढला असता तर," मामा म्हणाला.

अधिकाऱ्याने मला विचारलं, "काय म्हणतायत ते?" मी त्याला सांगितलं, इतक्या मोठ्याने सांगितलं की ठेकेदाराची माणसं घण थांबवून बघायला लागली. मामा खाली बघत होता. त्याने हातातला काचेचा तुकडा उलटा केला आणि सवयीने त्याचं बूड शोधायला लागला.