येनाच्या झाडांखालचा रविवार

नागपूरहून रविवारी सकाळच्या गाडीनं लोक वरठीला उतरतात आणि मी त्यांना दिवसभर फिरवते. आधी पितळी भांडी ठोकणारी गल्ली, मग कारध्याच्या पुलावर वैनगंगा बघायला दहा मिनिटं, तिथून विणकराच्या घरी मागावर चढलेली करवती काठाची कोशाची, म्हणजे रानातल्या रेशमाची साडी, तळ्यावरचे पक्षी, दुपारी आमच्या घरी जेवण. संध्याकाळच्या गाडीनं सगळे परत. हे काम मी एकटीनं उभं केलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, प्राणिशास्त्रात बी.एस्सी., आणि हे मी आलेल्या प्रत्येकाला सांगते. कशाला लपवायचं?

जेवणानंतर मी लोकांना कोशाच्या जंगलात न्यायची. कोशाचं कापड सगळ्यांनी पाहिलेलं असतं, तो कोसा होतो कुठं हे कोणी पाहिलेलं नसतं. माझे बाबा तो करायचे. जंगलातल्या येनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडांवर पानांच्या दोन्यांत अंडी बांधायची, किडे बाहेर पडले की महिना-दीड महिना त्यांना पाखरांपासून, माकडांपासून राखायचं. किडे पानं खाऊन मोठे होतात आणि स्वतःभोवती कोसा विणतात. तेवढे दिवस बाबा जंगलातल्या खोपटात राहायचे. मासळी बंद, डोक्याला तेल बंद, दाढी बंद, आंघोळ केल्याशिवाय झाडाखाली पाय नाही. आणि बाईमाणसानं तर झाडांखाली यायचंच नाही. शेंदूर फासलेला एक दगड होता, त्याच्यापाशी डबा ठेवून आई मागं फिरायची. ज्या किड्याचं पोट प्रयोगशाळेत फाडून मी गुण मिळवले, तो किडा बाबांच्या झाडावर मी कधी जवळून पाहिला नव्हता. हे मला लागायचं.

माझे पाहुणे त्या दगडापाशी उभे राहायचे आणि बाबा आतून एक फांदी आणून त्यांना दाखवायचे. असं आमचं ठरलेलं होतं.

दसऱ्याच्या अलीकडचा तो रविवार. बाबा आंघोळीला तळ्यावर गेलेले. थोडं थांबू म्हणाले मी. तर पाहुण्यांतल्या एक बाई म्हणाल्या, "मॅडम, आम्ही काय दगड बघायला आलो का?" सगळे हसले. मीही हसले. जुन्या माणसांच्या समजुती असतात, चला, असं म्हणून मी पुढं झाले. चपला कोणी काढल्या नाहीत, मीही नाही.

आत बोटाएवढे जाड, हिरवे किडे फांदीफांदीला होते. पानं कुरतडल्याचा बारीक आवाज सगळ्या झाडांतून येत होता. मी फार छान बोलले त्या दिवशी. एक किडा फांदीवरून काढून तळहातावर घेतला, मग तो हातोहात फिरला, फोटो निघाले.

मागं वळले तर बाबा दगडापाशी उभे. केस ओले, खांद्यावर पंचा. खोपटातून गडव्यात पाणी आणून त्यांनी सगळ्यांना पाजलं. माणसं गाडीत बसताना मला एवढंच म्हणाले, "बाई, आता तू घरी जाय."

पाचव्या दिवशी आईनं जंगलात बोलावून घेतलं. किडे मागच्या पायांनी फांदीला धरून डोकं खाली करून लटकले होते. अंगातून काळं पाणी ठिबकत होतं. वास असा की नाकाला पदर लावावा. बाबा एकेक किडा काढून बादलीत टाकत होते, पुरायला. मी दगड ओलांडून थेट आत गेले. कोणीच मला अडवलं नाही.

गावातल्या बाया मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, शिकलेली पोरगी आत गेली अन् किडे गेले.

मी तीन किडे बाटलीत घालून कॉलेजात नेले. सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. विषाणूचा रोग आहे म्हणाले. तो अंड्यांतूनही येतो, बाहेरून माणसांच्या हातानंही येतो, किंवा आधीच आत असतो आणि किडे हाताळले की उसळतो. यातलं नेमकं काय झालं ते आता सांगता येणार नाही. सर हे तीन-तीनदा म्हणाले.

त्या वर्षी बाबांनी अंडी बाहेरून न आणता घरच्याच कोशांतून निघालेल्या पतंगांची धरली होती. मला ते माहीत होतं.

सरांच्या बोलण्यातलं अर्धंच मी घरी आणलं. अंगणात, शेजारणींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, की तपासून झालंय, रोग अंड्यांतूनच आला, माणसांच्या जाण्यानं नाही. बाबा बांबूच्या कांब्या सोलत बसले होते. त्यांनी विचारलं, "अंड्यातून म्हंजे, मी धरलो त्या कोशातून?"

मी हो म्हणाले.

"मंग माह्याच हातानं गेले."

त्याआधी चार दिवस ते माझ्याशी नेहमीसारखे बोलत होते. ताटात भाजी कमी घेतली तर रागावत होते. मला आता वाटतं, त्यांनी मला दोषी धरलं होतं आणि माफही केलं होतं. माझ्यावरचा दोष त्यांना पेलत होता. स्वतःवरचा पेलला नाही.

पुढच्या हंगामात त्यांनी अंडी बांधली नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. पण रोज सकाळी आंघोळ करून ते झाडांखाली जातात. हात पाठीमागं बांधलेले, मान वर, पानांच्या खालच्या बाजू बघत एका झाडाकडून दुसऱ्याकडे. पानाला हात लावत नाहीत. झाडांवर काही नाही. माझे पाहुणे आता खुशाल आत जातात. तुमचे बाबा काय शोधताहेत, असं कोणीतरी विचारतंच. मी तळ्यावरच्या पक्ष्यांचं बोलू लागते. विणकराकडे कोशाचं कापड हातात घेतलं की बोटांना ओलं लागल्यासारखं होतं, मी ते पटकन दुसऱ्याच्या हातात देते.

गेल्या महिन्यात चहा घेऊन मी बाबांकडे झाडांत गेले. चपला बाहेर काढल्या. सर काय म्हणाले होते ते सगळं सांगितलं, अंड्यांतून, हातांतून, दोन्हीतूनही. त्यातलं मी अर्धंच सांगितलं होतं, तेही सांगितलं.

"तवा काहून नाही बोलली?"

"भेव वाटलं, बाबा."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग समजूत घालावी तसं म्हणाले, "तू शिकलेली हायेस, बाई. तपासून आली अन् पयल्यांदा बोलली, तेच खरं असन. आता माह्यासाठी बोलून राहिली तू."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कप रिकामा करून माझ्या हातात दिला आणि पुढच्या झाडाखाली जाऊन मान वर केली.