डोक्यावरची फुली

लेकीकडे इंग्लंडात गेले होते, तेव्हा तिथल्या जुन्या बाजारात महायुद्धाच्या वेळचं एक पोस्टकार्ड हाती आलं. कुरणात तंबू, पुढे बटाटे सोलत बसलेले शिकाऊ शिपाई, आणि एकाच्या डोक्यावर शाईची फुली! मला ते खाली ठेववेना. माझा नातू सुहास नुकताच सैन्याच्या प्रशिक्षणाला गेलेला ना.

"हा गेला वाटतं गं बिचारा."

लेकीनं कार्ड उलटं केलं आणि हसली. "अगं आई, त्यानंच मारलीय. लिहिलंय बघ, 'आई, फुलीवाला मी. जेवण बरं आहे.'"

आता बघा, आपण फुली मारतो ती खोडायला. या पोरानं मारली ती आईला आपण चटकन सापडावं म्हणून. तो पुढे परतला का, कोण सांगणार? पण त्या दिवशी तो होता, जेवला होता, आणि आईला ते कळलं होतं.

सुहासनं पाठवलेल्या तुकडीच्या फोटोत सगळी डोकी सारखीच भादरलेली, मला तो ओळखूच येईना. फोन करून म्हटलं, "तुझ्या डोक्यावर फुली मारून पाठव."

"आजी, भलतंच काय!"

"मार रे, मी सांगते ना."

संध्याकाळी फोटो आला. मागच्या रांगेत भलीमोठी लाल फुली, आणि तिच्याखाली थेट त्याच्या आजोबांचे कान.