उभ्या पिकातली वाट

मी इंग्लंडला हौसेने गेले नाही. एक जागा रिकामी पडली म्हणून गेले.

माझी नात नागपूरच्या एका लहान सहल-कंपनीत कामाला आहे. दोन वर्षं ती ऑफिसात फोन उचलायची, नाहीतर दुसऱ्या गाईडच्या मागे बॅगा मोजत फिरायची. मग तिला पहिल्यांदा स्वतःचा गट मिळाला. दहा माणसं, एक छोटी बस, इंग्लंडची खेडी आणि जुनी गावं, नऊ दिवस. सहल नीट पार पडली तर ती कायमची गाईड होणार होती. तक्रार आली तर पुन्हा फोनवर. आणि दहाचे नऊ झाले तर सहलच रद्द. एका बाईने गुडघ्याचं कारण सांगून नाव काढलं, तेव्हा व्हिसाला जेमतेम वेळ उरला होता.

माझा पासपोर्ट तयार होता. पशुपतिनाथाला जायला लागेल म्हणून मुलाने तो काढला होता. तिथे तो लागतच नाही हे नंतर कळलं. गुडघे माझेही दुखतात, पण मी ते कोणाला सांगितलं नाही.

आमच्या गावाहून, देवरीहून निघायच्या आधी मी धानाचे पऱ्हे टाकले, म्हणजे रोपासाठी बी पेरून घेतलं. रोप रोवणीला, म्हणजे लावणीला येईपर्यंत परत यायचं होतं. जायच्या आदल्या दिवशी नातीने मला एक अट घातली.

"आजी, तिथं तू माझी आजी नाहीस. घरची म्हातारी भरती केली असं लोकायले कळलं तर माझी इज्जत जाईल."

"मंग मी कोण?"

"प्रवासी."

"प्रवाशाले रागवायचा हक्क रायते का?"

"नाही."

"बरं," मी म्हटलं.

देश नीटनेटका आहे. गावांची नावं विचाराल तर मला एकही सांगता येणार नाही. घरं दगडाची, बुटकी, दारापुढे फुलं. मेंढ्या दिसायच्या, मेंढपाळ दिसायचा नाही. रात्रीचं जेवण झालं तरी बाहेर ऊन. प्रत्येक गावात एक जुनं चर्च आणि त्याच्याभोवती गावातली मेलेली माणसं. आपण मसणवट गावाबाहेर ठेवतो, यांची मधोमध असते आणि लोक तिथे बाकावर बसून डबा खातात. मला ते काही वाईट वाटलं नाही. मीही बसून खाल्लं.

नात बोलायची मात्र फार भरभर. तिला सगळं पाठ होतं आणि विसरायच्या आत ते संपवायचं होतं. मी बसमध्ये मागे बसायचे. अर्धं ऐकू यायचं, अर्धं इंजिनात जायचं. पण मी प्रवासी होते, म्हणून गप्प होते.

चौथ्या दिवशी चालायचं होतं. एका खेड्यात जेवण आणि तिथून शेतांमधून अर्धा तास चालत एका जमीनदाराच्या जुन्या मोठ्या घरापर्यंत. आत जायची वेळ चारची ठरलेली. बस रस्त्याने पुढे जाऊन तिथे थांबणार होती. बसमधून उतरताना नातीने बरंच काही सांगितलं. मला फक्त "सरळ" एवढं कळलं.

पहिलं शेत गवताचं होतं. दुसऱ्यात गहू होता, मांडीएवढा, हिरवा. गव्हाच्या मधून एक पायवाट गेली होती, एका माणसापुरती. सगळे ओळीने तिच्यावरून निघाले. मी सगळ्यांच्या मागे होते. थांबले, एक ओंबी घेतली आणि दाणा नखाने दाबला. दूध निघालं.

दाण्यात दूध असलेल्या पिकात आम्ही पाय ठेवत नाही. आमच्याकडे बांधीत धान असा भरत असला की मालकही धुऱ्यावरून, म्हणजे बांधीच्या कडेच्या पाळीवरून जातो. उभ्या पिकात पायवाट दिसली तर ती कोणीतरी चोरून पाडलेली असते, आणि पाडणाऱ्याला शिव्या बसतात. मीही घातल्या आहेत. आता परक्याच्या देशात जाऊन तेच करायचं मला पटेना. मी कडेने निघाले. शेत आहे म्हणजे कड आहे, आणि कडेने गेलं की माणूस दुसऱ्या टोकाला निघतोच.

पण आमच्या बांध्या लहान. एका धुऱ्यावरून हाक मारली तर दुसऱ्यावर ऐकू येते. ते एकच शेत आमच्या अख्ख्या टोल्याएवढं, वस्तीएवढं होतं. कडेला काटेरी झुडपांचं दाट कुंपण, बोट घालायला फट नाही. कुंपण वळलं तशी मी वळले, पुन्हा वळलं, पुन्हा वळले. आमच्या लोकांची डोकी दिसेनाशी झाली. शेवटी एक फाटक आलं. तिथे माझ्याच वयाची एक बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली, फाटकाला तार बांधत होती.

ती काहीतरी म्हणाली. मी हातातली ओंबी पुढे केली. तिने ती घेतली, दाणा दाबला, दूध मला दाखवलं आणि सहा बोटं वर केली. सहा आठवडे. हे शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. मी मान हलवली. मग तिने माझ्या लुगड्याकडे, स्वेटरकडे आणि बुटांकडे पाहिलं आणि फाटकाची तार माझ्या हातात धरायला दिली. आम्ही दोघींनी ती बांधून काढली.

तेवढ्यात नात पळत आली. तिला धाप लागली होती.

"आजी, काऊन आलीस इकडं? किती वेळची शोधून राहिली तुले."

"दुसऱ्याच्या पिकात पाय कायले ठेवू?"

"ती वाट आहे, आजी. सांगतलं ना उतरताना."

"तू सांगतलं असशीन. तू बोलत नाहीस, लाह्या फोडतेस."

बाईने विचारलं तेव्हा नातीने तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिने समजावलं, नातीने मला मराठीत सांगितलं: ही वाट सगळ्यांची आहे. शेत नांगरलं, पेरलं तरी वाट दरवर्षी पुन्हा मोकळी करून द्यावी लागते. तिच्या सासऱ्यानेही दिली आणि तीही देते. मग बाईने आम्हाला तिच्या जीपमध्ये घातलं आणि त्या मोठ्या घरापाशी सोडलं.

तोपर्यंत दार बंद झालं होतं. तिकिटं नातीच्या मोबाईलमध्ये, त्यामुळे बाकीचे नऊ जणही बाहेरच. नागपूरचे एक निवृत्त इंजिनिअर होते, ते तापले.

"एक म्हातारी सांभाळता येत नाही का तुम्हाला? मी कंपनीला लिहून देणार आहे."

"सॉरी सर," नात म्हणाली. माझं नाव तिने घेतलं नाही. चूक माझी आणि बोलणी तिला, हे काही बरोबर झालं नाही.

संध्याकाळी ती हॉटेलच्या जिन्यावर बसलेली दिसली. मी शेजारी बसले.

"रडून राहिलीस काय?"

"नाही. संपलं माझं, आजी."

"रोवणीत बाया चुकीच्या बांधीत उतरल्या तर मी दिवसभर कपाळाले हात लावून बसत नाही. दुसरी बांधी मागं टाकतो अन् तेवढी भरून काढतो. तुले काय मागं टाकता येते ते पाह्य."

तिने मोबाईलमध्ये दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक काढलं. "उद्या सकाळी बाजारात फिरायला दोन तास आहेत," ती म्हणाली. मग उठून फोन करायला गेली.

सकाळी बसमध्ये ती उभी राहिली आणि हळू बोलली. बाजार सोडला तर दार उघडल्याबरोबर ते घर बघता येईल, परवानगी घेतली आहे, सगळ्यांचं काय म्हणणं आहे. दोन बायांनी नाकं मुरडली, त्यांना खरेदी करायची होती. मग मी उठले.

"घर हुकलं ते माझ्यामुळे. मी पिकातून चालले नाही. तक्रार लिहायची तर माझी लिहा."

"तुम्ही नातीची बाजू घेणारच, आजी," इंजिनिअर म्हणाले.

"नात कोणी सांगितली?"

त्यांची बायको मागे वळली. "सांगायला कशाला पाहिजे? दुसऱ्याच दिवशी कळलं. दोघी सारख्याच कमरेवर हात ठेवून उभ्या राहता. आणि गाईडने ताटात भाजी टाकली की कोणता प्रवासी डोळे वटारतो?"

सगळी बस हसली. नात खिडकीबाहेर बघू लागली, पण तिचे कान लाल झाले होते.

घर पाहिलं. दिवाणखाने मोठे होते, तसबिरी मोठ्या होत्या. मला स्वयंपाकघर आवडलं. भिंतभर तांब्याची भांडी लावली होती, आणि ती घासायला किती बाया होत्या हे मी नातीला विचारायला लावलं. घर दाखवणाऱ्याला ते माहीत नव्हतं. त्या दिवसापासून चालायला निघण्याआधी नात सगळ्यांना गोल उभं करायची, वाट दाखवायची आणि मला विचारायची, "आजी, काय सांगितलं मी?" मी सांगितलं की मगच निघायची.

शेवटच्या दिवशी सगळ्यांना अभिप्रायाचा कागद भरायचा होता. मी चौथी शिकले आहे, मला लिहायला वेळ लागतो. मी लिहिलं: "मुलगी फार भरभर बोलत होती. पाचव्या दिवसापासून हळू बोलू लागली. घर दाखवते म्हणाली होती, दाखवलं. चौथ्या दिवशी उशीर झाला तो माझ्यामुळे. मी तिची आजी आहे, तरी हे खरं आहे." इंजिनिअरनी काय लिहिलं ते त्यांनी दाखवलं नाही. दोन पानं लिहिली एवढं मी पाहिलं. नातीनेही पाहिलं. विमानात ती जेवली नाही.

परत आले तेव्हा रोप तयार होतं. पाऊस बरा होता. रोवणीचा तिसरा दिवस असेल, मी धुऱ्यावर उभी होते, बाया ओळीने मागे सरकत रोवत होत्या, आणि फोन वाजला. नात होती. बोलायला लागली ती थांबेना. इंजिनिअर, पहिलं पान, दुसरं पान, साहेब, पुढच्या उन्हाळ्याचा गट, एवढे शब्द माझ्या कानावर पडले. तक्रार की कौतुक तेच कळेना.

"हळू बोल," मी म्हटलं. "लाह्या फोडू नको."

ती थांबली. श्वास घेतला. मग पहिल्यापासून, एकेक शब्द सोडवून, सांगू लागली.

"पहिल्या पानावर तक्रार होती, आजी. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं का या मुलीनं दुसऱ्याच दिवशी ते निस्तरलं, अन् असा गाईड ठेवावा. साहेबानं दोन्ही पानं वाचली. मले ठेवलं."

"आता कळलं," मी म्हटलं, आणि फोन कमरेला खोचून बायांच्या पुढ्यात रोपाची पेंढी टाकली.