शिष्टमंडळाची मधली खुर्ची

मानपानाची मला लहानपणापासून चीड आहे. वडील आमच्या गावच्या महापालिकेत सभा-समारंभांची व्यवस्था बघायचे. मध्ये महापौर, शेजारी आयुक्त, मग उपमहापौर, अशा खुर्च्या ते निगुतीने मांडायचे आणि ऐनवेळी कुठल्यातरी पक्षाचा शहराध्यक्ष चार कार्यकर्ते घेऊन सरळ मंचावर चढायचा. घरी येऊन वडील चडफडायचे, "ना निवडून आलाय, ना नोकरीत आहे. हा कोण बसणारा?" त्यांचा तो राग मी जसाच्या तसा उचलला.

जर्सी सिटीत मी सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. चीनमधल्या एका शहराचं शिष्टमंडळ आमच्याकडे येणार होतं, आणि बैठकीची मांडणी साहेबांनी माझ्या गळ्यात मारली. "तू एशियन आहेस, तुम्हाला हे प्रोटोकॉल बरोबर कळतं." चीन काय नि महाराष्ट्र काय, यांना सगळं एकच! तळपायाची आग मस्तकात गेली. पण आमचं सगळं घर माझ्या व्हिसावर इथे आहे. मी हो म्हणाले.

पाहुण्यांच्या यादीत पहिलं नाव होतं शहराच्या पक्षसमितीच्या प्रमुखाचं. महापौर दुसरा. मला थेट वडिलांचा शहराध्यक्षच दिसला. घुसला का इथेही? बसण्याच्या चार्टवर मी महापौराला मधली खुर्ची दिली आणि या पक्षप्रमुखाला नेऊन टेबलाच्या टोकाला बसवलं.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी चीनचीच, हुद्द्याने माझ्याहून एक पायरी वर, पण तीही माझ्यासारखीच व्हिसावर. रोज माझ्या डब्यातली भेंडी हक्काने खायची. चार्ट बघून ती घाबरली.

"हे उलटं झालंय. आमच्याकडे शहराचा पहिला माणूस पक्षसमितीचा प्रमुख. महापौर सरकारी कारभार बघतो, पण समितीत तो याचा दुय्यम. उपमहापौरांकडे एकेक खातं. मोठा निर्णय समिती घेते, महापौर तो अमलात आणतो."

"तुम्ही असल्यांना डोक्यावर घेता, म्हणून ते बसतात," मी तिलाच झापलं.

"मला आवडतं असं कुठे म्हणतेय? कोण कुठे बसतं तेवढं सांगतेय."

मी चार्ट बदलला नाही. तसाच साहेबांना पाठवला.

ते आले. नऊ माणसं. टेबलावरच्या नावांच्या पाट्या त्यांनी वाचल्या आणि एकही जण बसेना. महापौर मधल्या खुर्चीमागे उभा, खुर्चीला बोटसुद्धा न लावता. पक्षप्रमुख टोकाला, चेहऱ्यावर हसू, तोही उभाच. साहेब "प्लीज, प्लीज" करत हात हलवताहेत. घाईघाईने पाट्या बदलायला गेले, तर दुभाष्या म्हणाला, राहू दे. उभ्याउभ्या चहा झाला, प्रमुखाने घड्याळ बघितलं आणि सगळे निघाले. पुन्हा त्यांचा फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं. चार्ट स्वतः बघून पास करणारा हा माणूस खापर फोडायला डोकं शोधत होता.

"हे कसं झालं?"

"मी तिला दाखवला होता," मी म्हणाले. "ती तिथलीच आहे."

एक शब्द खोटा नव्हता. याचीच मला आजही सगळ्यात जास्त चीड येते.

त्या आठवड्यात तिला काढलं. साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर देश सोडायचा. घरी नवरा म्हणाला, "जाऊ दे ना यार, आपलं तरी सेव्ह झालं." मी त्याच्यावर एवढी ओरडले की मुलगी खोलीतून बाहेर आली. खरं तर तो माझ्याच मनातलं बोलला होता.

शेवटच्या दिवशी ती खोका घेऊन लिफ्टपाशी उभी होती. मी मदतीला हात पुढे केला. तिने खोका दुसऱ्या कुशीत घेतला.

"मला दाखवलास, ते सांगितलंस. मी काय म्हणाले, ते का नाही सांगितलंस?"

लिफ्ट आली, ती गेली.

सोमवारी साहेबांनी तिचं पद मला दिलं. वर म्हणाले, तू सरळ बोलतेस, ते मला आवडतं.

मी थँक्यू म्हणाले.